ओटीपी सांगू नका, एवढ्यानं भागणार नाही

गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून कोड विचारतो. मोबाइलवर आलेले आकडे आपण त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो, मग सिलिंडर आत येतं. अ‍ॅपवरून रिक्षा मागवली की बसल्याबसल्या चालकाला चार आकडे सांगायचे. महागडं पार्सल घ्यायचं असेल तर तिथेही तेच. सेतू केंद्रात दाखल्यासाठी गेलं की खिडकीपलीकडचा मुलगा म्हणतो, "ओटीपी आला असेल बघा, सांगा." आणि त्याच फोनवर, त्याच दिवशी, बँकेचा मेसेज येतो: ओटीपी कुणालाही सांगू नका.

दिवसभर माणसाला आकडे सांगायची सवय लावायची आणि एक दिवस त्याचं खातं रिकामं झालं की "तुम्ही सांगितलातच कशाला?" म्हणून त्यालाच उभं करायचं, हा मला अन्याय वाटतो. कोणता कोड सांगायचा आणि कोणता नाही हे साठी उलटलेल्या आजींनी, रात्रपाळी करून आलेल्या कामगारानं, प्रवेशाच्या गडबडीतल्या विद्यार्थ्यानं प्रत्येक वेळी, घाईत, अचूक ओळखावं, या अपेक्षेवर आपली सगळी ऑनलाइन सुरक्षा उभी आहे. समोर मात्र दिवसभर फोन लावत बसलेली टोळी असते. तिचे नव्याण्णव डाव फसले तरी चालतात. आपला एक चुकला की संपलं.

समोरची वेबसाइट खरी आहे की खोटी, हे ओळखायचं काम माणसाकडून काढून घेता येतं. ते करणारी वस्तू दहा वर्षांहून अधिक काळ बाजारात आहे. ती वापरायची मुभा प्रत्येक खातेदाराला मिळाली पाहिजे. आणि जे लोक दुसऱ्यांचे पैसे, दुसऱ्यांची कागदपत्रं, दुसऱ्यांची गुपितं सांभाळतात त्यांच्यासाठी ती सक्तीची असली पाहिजे, तीही त्यांच्या संस्थेच्या खर्चानं.

या वस्तूला सिक्युरिटी की म्हणतात. मी पुढे सरळ किल्ली म्हणतो. पेन ड्राइव्हपेक्षा लहान, बहुतेकदा चपटी, बॅटरी नाही, पडदा नाही. यूएसबीत बसते, एनएफसी (नुसतं टेकवून माहिती देण्याची सोय) असलेली फोनच्या पाठीला टेकवली तरी चालते. मध्ये धातूचा एक ठिपका असतो, त्याला बोट लावायचं. बहुतेक किल्ल्यांत हा ठिपका बोटाचा ठसा तपासत नाही. समोर खरंच कुणी माणूस बसला आहे, लांबून कुणी हा संगणक चालवत नाही, एवढीच त्यातून खात्री होते.

आत काय घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. खात्याला किल्ली जोडताना तिच्यातली चिप त्या वेबसाइटपुरती दोन मोठ्या आकड्यांची एक जोडी तयार करते. एक आकडा वेबसाइटकडे जातो. तो उद्या चोरीला गेला तरी बिघडत नाही. दुसरा गुप्त, तो उघड्या रूपात चिपबाहेर कधीच येत नाही. पुढे दर वेळी लॉगिन करताना वेबसाइट एक नवा प्रश्न पाठवते आणि किल्ली त्या गुप्त आकड्यानं उत्तरावर सही करते. या सहीत ब्राउझर स्वतःहून एक गोष्ट घालतो: ही मागणी नेमक्या कोणत्या पत्त्यावरून आली. पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असलं तर त्या पत्त्यासाठी किल्लीकडे जोडीच नसते. मग सही होत नाही. तुम्ही पूर्ण फसलेले असा, पासवर्ड टाइप केलेला असो, बोटही लावलेलं असो, तरी होत नाही. तुम्हाला जे दिसलं नाही ते ब्राउझरनं आणि चिपनं पाहिलेलं असतं.

ओटीपीच्या सहा आकड्यांना आपण कुठे टाइप होतोय हे कळत नाही. खोटं पान ते घेतं आणि त्याच क्षणी खऱ्या पानात भरतं. असं मध्ये बसून दोन्हीकडे बोलणारं सॉफ्टवेअर तयार मिळतं. एव्हिलजिंक्स हे त्यातलं या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. म्हणून ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला, म्हणजे फोनवरच तयार होणारा कोडसुद्धा या एका बाबतीत एसएमएसइतकाच दुबळा आहे. एसएमएसचं तर आणखी एक दुखणं आहे. नंबर आपल्या नावावर असला तरी तो कोणत्या सिममध्ये वाजेल हे कंपनीच्या काउंटरवर ठरतं. डिसेंबर 2018च्या अखेरीस मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री ओळीनं सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोन बंद, आणि खात्यातून 1 कोटी 86 लाख रुपये गेलेले. त्यानं कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता. त्याचं सिमच दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. त्यानंतर सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आला, मग 2024 मध्ये सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर पोर्ट करता येणार नाही असा नियम आला. दोन्ही नियम चांगलेच. पण ज्या पायावर भरवसा ठेवायला नको होता त्यालाच टेकू देणं चाललं आहे.

किल्ली हा आता प्रयोग राहिलेला नाही. गूगलनं 2017च्या सुरुवातीला आपल्या 85 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना ती सक्तीची केली, आणि पुढच्या वर्षी सांगितलं की तेव्हापासून कामाचं एकही खातं फिशिंगनं, म्हणजे खोट्या पानावर पासवर्ड काढून घेण्याच्या प्रकारानं, गेल्याची नोंद नाही. 2019 मध्ये गूगल आणि दोन अमेरिकी विद्यापीठांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्याला हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी एसएमएस कोडनं 76 टक्के थोपवले. फोनवर येणाऱ्या 'हो, मीच आहे' या विचारणेनं 90 टक्के. किल्लीनं सगळेच्या सगळे.

मला स्वतःला आकड्यांपेक्षा 20 जुलै 2022 या दिवसाची हकिकत जास्त पटते. क्लाउडफ्लेअर ही इंटरनेटच्या सुरक्षेचाच धंदा करणारी कंपनी. त्या दिवशी तिच्या किमान 76 कर्मचाऱ्यांना मिनिटभराच्या आत मेसेज आले. काहींच्या घरच्यांनाही आले. तुमच्या कामाचं वेळापत्रक बदललं आहे, इथे पाहा. लिंकमधल्या पत्त्यात कंपनीचं नाव होतं, लॉगिन सेवेचंही नाव होतं, आणि तो पत्ता हल्ल्याच्या आधी तासाभराच्या आतच नोंदवलेला होता. पान हुबेहूब. भरलेला पासवर्ड टेलिग्रामवरून त्याच क्षणी हल्लेखोराकडे जात होता, म्हणजे कोडची मुदत संपायच्या आत तो वापरता यावा. सुरक्षेच्या कंपनीतल्या तीन कर्मचाऱ्यांनी आपला पासवर्ड त्या पानात भरला. तरी हल्लेखोर आत जाऊ शकला नाही, कारण तिथे प्रत्येकाला किल्ली दिलेली होती आणि खोट्या पत्त्यासाठी किल्लीनं सही केली नाही. त्याच सुमाराला तशाच मेसेजांनी ट्विलिओ ही इतर कंपन्यांचे मेसेज पाठवणारी कंपनी फुटली. तिच्या मार्फत सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपच्या सुमारे 1,900 वापरकर्त्यांचे नंबर आणि कोड धोक्यात आले.

रोज सुरक्षेचंच काम करणारी माणसं फसतात, हे इथे नीट लक्षात घेतलं पाहिजे. मग पतसंस्थेच्या काउंटरवरच्या कारकुनानं फसू नये, ही अपेक्षा कशाच्या आधारावर ठेवायची?

रिझर्व्ह बँकेनं दार उघडलं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये निघालेल्या आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू केलेल्या निर्देशांत डिजिटल व्यवहारांसाठी दोन घटकांची ओळख आवश्यक धरली आहे, पण त्यातला एक एसएमएस ओटीपीच असला पाहिजे असा आग्रह नाही. टोकन (ओळख पटवणारी वस्तू किंवा अ‍ॅप) चालेल, बायोमेट्रिक चालेल. आणि महत्त्वाचं म्हणजे, बँकेनं हे नियम न पाळल्यामुळे नुकसान झालं तर भरपाई बँकेनं द्यायची आहे. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण जबाबदारी योग्य दिशेनं सरकते आहे. पण दार उघडणं आणि आत येणं यांत अंतर असतं. ओटीपी बंद करा असं कुणी म्हणालेलं नाही, आणि सवयीचं चालू ठेवणं बँकांना सोयीचं आहे. सिंगापूरच्या बँकांनी 2024 मध्ये, ज्यांच्याकडे डिजिटल टोकन आहे त्यांच्या लॉगिनमधून ओटीपी काढून टाकायचं जाहीर केलं. आपल्याकडे बँकांना आपले पत्ते 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली हलवायला लावलं, 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत होती. तेही चांगलंच झालं. मात्र तो पत्ता डोळ्यांनी वाचून खरा-खोटा ठरवायचं काम पुन्हा खातेदाराकडेच राहिलं.

हिंजवडीत परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या आयडी कार्डाच्या दोरीला अशी किल्ली लटकलेली असते. ऑफिसच्या प्रोग्रामांचा कोड, ऑफिसची मेल तिच्याशिवाय उघडत नाही. संध्याकाळी घरी येऊन हीच मुलं आईवडिलांची मुदतठेव मोडायला बसतात तेव्हा हाताशी असतो तो एसएमएस. परदेशातल्या मराठी घरांतली गोष्ट तर आणखी वाईट. इथल्या बँकेचा ओटीपी बऱ्याचदा इथल्या नंबरवरच येतो, म्हणून ते सिम चालू ठेवण्यासाठी रिचार्ज करत राहायचं. पुष्कळ जण सिम पुण्यात किंवा सांगलीत आईवडिलांच्या जुन्या फोनमध्ये घालून ठेवतात. मग न्यू जर्सीहून फोन येतो, "आई, ओटीपी आला का? वाच बरं." आई चष्मा शोधते, आकडे वाचते. उद्या तसाच फोन मुलाच्या आवाजात दुसऱ्या कुणाचा आला तर त्या माउलीनं तो कसा ओळखायचा? तिला फोनवर ओटीपी वाचायला शिकवलं ते त्या बँकेच्या रचनेनंच. किल्ली मुलाच्या खिशात असती तर हा फोनच करावा लागला नसता.

आपल्या लोकांना हे झेपणार नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. महाराष्ट्रात लाखभर माणसं तरी असली एक वस्तू वर्षानुवर्षं वापरत असतील. सीएच्या ऑफिसात, कंत्राटदाराच्या बॅगेत, तलाठ्याच्या टेबलावर जे डीएससीचं (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं) डोंगल असतं ते याच जातीचं: गुप्त आकडा चिपमध्ये, बाहेर फक्त सही. ई-निविदा त्यावर भरतात, कंपन्यांची विवरणपत्रं त्यावर जातात, डिजिटल सहीचा सातबारा त्यावर निघतो. आणि ग्रामपंचायतीत वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून खर्च करायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्याही डीएससी लागतात.

पण हे डोंगल असतं कुठे? एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मी पाहिलं ते असं. संगणक परिचालकाच्या टेबलाचा वरचा खण. त्यात स्टेपलर, शिक्के, आणि रबर बँडनं एकत्र बांधलेली दोन डोंगलं. एकावर पांढरी चिकटपट्टी, त्यावर पेनानं 'सरपंच'. दुसऱ्यावर 'ग्रा.से.'. दोन्ही पिन आतल्या बाजूला डकवलेल्या कागदावर. सरपंच बाई त्या वेळी शेतात होत्या. दोघांच्या सह्या लागाव्यात म्हणून केलेली व्यवस्था एका खणात, एका रबर बँडखाली येऊन बसली होती.

यावर सरपंच बाईंना दोष देणं सोपं आहे, आणि चुकीचं आहे. ते डोंगल ज्या संगणकावर बरोबर ड्रायव्हर आणि सहीचं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे तिथेच चालतं. ब्राउझर अपडेट झाला की बंद पडतं. पोर्टल दुपारी लटकतं आणि रात्री नऊला चालतं. कार्यालय गावच्या एका टोकाला. महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या बाईच्या नावाचं अधिकाराचं साधन मात्र रात्री नऊ वाजता ती जाऊ शकणार नाही अशा खोलीत आहे. मग ते दुसऱ्याच्या हाती जाणारच. परिचालक असेल, नाहीतर नवरा. आणि पुढे गैरव्यवहार निघाला की सही तिची.

म्हणून मी नुसतं 'किल्ल्या वाटा' म्हणत नाही. साधन कुणाच्या खिशात राहणार, कुठून चालणार, हे आधी ठरवलं पाहिजे. या नव्या किल्ल्यांचा फायदा तिथेच आहे: ड्रायव्हर लागत नाही, कुठलाही नवा ब्राउझर त्यांना ओळखतो, आणि एनएफसीची असेल तर एनएफसी असलेल्या फोनला टेकवून चालते. सध्याच्या रचनेत सही म्हणून डीएससी लागते, ते बदलायला वेळ जाईल. पण पोर्टलमध्ये शिरताना आणि शेवटची मंजुरी देताना सरपंचांनी आपल्या घरून, आपल्या फोनवर, आपल्या किल्लीनं हो म्हणावं, एवढं तरी आजच्या तंत्रात सहज बसतं.

आता आक्षेप. पहिला, फोन असताना वेगळी वस्तू कशाला? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. 2022 पासून अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टनं पासकी आणल्या. त्यांच्या आत हेच तंत्र आहे. फक्त गुप्त आकडा फोनमध्ये राहतो आणि बोटाच्या ठशानं किंवा फोनच्या पिननं उघडतो. पत्ता तपासायचं काम तिथेही यंत्रच करतं, आणि खर्च शून्य. घरगुती वापरासाठी मी पासकीच सुचवतो. फार माणसांना वेगळी किल्ली घ्यायची गरज नाही. पण बऱ्याच पासकी गूगल किंवा अ‍ॅपलच्या एका मोठ्या खात्यातून सगळ्या फोनांवर उतरतात, म्हणजे ते खातं गेलं की सगळं गेलं. शिवाय आपल्याकडे एक फोन घरात तिघं वापरतात, त्याचा पिन पोरांना पाठ असतो. पत्रकाराला, वकिलाला, माहिती अधिकारात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला, रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्याला, बँकेच्या अ‍ॅडमिनला हे चालणार नाही. त्यांना फोनपासून वेगळी, कुठेही कॉपी न होणारी वस्तूच हवी.

दुसरा, हरवली तर? हरवणारच. म्हणून दोन घ्यायच्या: एक रोजची, एक कपाटात किंवा लॉकरमध्ये. अ‍ॅपलनं 2023 मध्ये ही सोय दिली तेव्हा दोन जोडल्याशिवाय ती सुरूच होत नाही असं ठेवलं, ते शहाणपणाचं होतं. खरा धोका हरवण्यात नसून हरवल्यानंतरच्या वाटेत आहे. किल्ली लावली, पण 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं की पुन्हा एसएमएसच येतो, असं असेल तर पुढच्या दाराला लोखंड आणि मागच्याला कडीही नाही. किल्ली जोडल्यावर नंबरवरून खातं परत मिळवायची वाट बंद करता येते का, हे प्रत्येक सेवेत तपासायला हवं.

तिसरा खर्चाचा. दोन-तीन हजारांपासून सहा-सात हजारांपर्यंत एक किल्ली, आणि घ्यायच्या दोन. सामान्य माणसाला हे जड आहे, म्हणूनच मी त्याच्यावर सक्ती मागत नाही. संस्थेला मात्र जड नाही. कार्यालयात एक एसी बसवायच्या खर्चात पाच-सहा जणांच्या किल्ल्या येतात.

किल्ली सर्वगुणसंपन्न आहे असंही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये एका प्रसिद्ध कंपनीच्या जुन्या किल्ल्यांतल्या चिपमध्ये दोष सापडला. त्याचा फायदा घ्यायला किल्ली हातात पडणं, ती उघडणं आणि महागडी उपकरणं लागत होती, पण दोष होता. फोनमध्येच हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलं असेल तर किल्ली त्याला अडवत नाही. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी, की माणूस स्वतःच पैसे पाठवत असेल तर ती काहीच करू शकत नाही. 2024 मध्ये देशात सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गेले, असं केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं. त्यातला मोठा वाटा गुंतवणुकीची आमिषं, 'डिजिटल अरेस्ट'चे फोन अशा प्रकारांचा आहे. तिथे घाबरलेला माणूस आपल्याच हातानं पैसे भरतो. त्यासाठी 1930 ही सायबर हेल्पलाइन हवी, पैसे थांबवणारी बँक हवी, तत्पर पोलीस हवेत. किल्लीनं ते सुटेल असं जो सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका.

पण खातं हिरावून घेतलं जाणं हा प्रकार तिच्यामुळे जवळपास संपतो, आणि तो प्रकार लहान नाही. सरकारी मेलसाठी 'कवच' नावाचं दुहेरी ओळखीचं अ‍ॅप होतं. 2022 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना लक्ष्य करणाऱ्यांनी त्याच नावाचं बनावट अ‍ॅप जाहिराती देऊन पसरवलं. सुरक्षेचं साधन शोधणाऱ्या कर्मचाऱ्याच्याच हाती हेरगिरीचं साधन पडलं. अमेरिकेच्या सरकारनं जानेवारी 2022 मध्ये आपल्या सर्व खात्यांना आदेश दिला: कर्मचाऱ्यांना फिशिंगला दाद न देणारीच लॉगिन पद्धत हवी, एसएमएस किंवा कोड चालणार नाही. आपल्या राज्य सरकारनं असा आदेश निदान जमीन, महसूल, आरोग्य आणि कोषागार या चार ठिकाणी अ‍ॅडमिन अधिकार असलेल्यांपुरता काढावा. ही माणसं मोजकी आहेत.

आणि सहकारी बँका. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांत पेन्शनरांच्या ठेवी आहेत, भिशीचे पैसे आहेत, मुलींच्या लग्नासाठी साठवलेलं आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. अहवाल वाचला जातो, लाभांश मंजूर होतो. सभासद म्हणून तिथे उठून विचारता येतं: आपल्या कोअर बँकिंगच्या, म्हणजे सगळी खाती चालवणाऱ्या यंत्रणेच्या, अ‍ॅडमिन लॉगिनला काय लावलं आहे? सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस बाहेरून आत शिरतो तेव्हा त्याला काय विचारलं जातं? 'ओटीपी आहे ना साहेब,' असं उत्तर आलं तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि किल्ल्या घ्यायचा ठराव त्याच सभेत मांडा.